परगावचा वाचक

इ. स. १८२० मध्ये तंजावरचे सरफोजी राजे काशीयात्रेला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे तीन हजार माणसे होती. काशीहून परतणाऱ्या यात्रेकरूच्या सामानात गंगाजळाचा गडू असायचाच. या राजाच्या सामानात पोथ्यांची भर पडली. उत्तरेतल्या विद्यापीठांत आणि पंडितांच्या घरी पोथ्यांचा शोध घेण्यासाठी त्यांनी माणसे नेमली होती. विकत मिळेल ती पोथी विकत घ्यायची, मालक द्यायला तयार नसेल तर जागेवर नक्कल उतरवून घ्यायची, असा त्यांचा शिरस्ता होता. काशीच्या चौसष्ट घाटांची चित्रेही राजांच्या संग्रहात आली. ती चित्रे आणि त्या पोथ्या आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तंजावरच्या तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ठेवले. गादीवरून घरात तंटा झाला, तेव्हा हा मुलगा मद्रासला राहून शिकला. १७९८ मध्ये गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांच्या हाती उरला तंजावरचा किल्ला, वर्षाची एक लाख पॅगोडा नाण्यांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. लढायला सैन्य नव्हते, चालवायला मुलूख नव्हता. पैसा आणि वेळ मात्र होता, आणि तो त्यांनी ग्रंथ, वैद्यक, चित्रकला आणि छपाई यांच्यावर खर्च केला.

राजवाड्यातला ग्रंथसंग्रह त्यांच्याही आधीचा, नायक राजांच्या काळापासूनचा होता. त्यांच्यानंतरच्या भोसले राजांनी तो जपला आणि त्याच घराण्यातल्या सरफोजींनी तो अफाट वाढवला. आज तिथे हस्तलिखितांची संख्या एकोणपन्नास हजारांच्या आसपास आहे. त्यात सर्वाधिक वाटा संस्कृतचा. पण मराठी हस्तलिखितेही तीन हजारांच्या घरात आहेत, शिवाय मोडी कागदांचे रुमाल वेगळेच. ताडपत्रांशेजारी युरोपातून मागवलेली छापील पुस्तके आहेत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा भाषांतली ही पुस्तके साडेचार हजारांच्या आसपास भरतात आणि त्यांपैकी अनेकांवर राजांची इंग्रजी सही आहे. लाव्हाझिएचे रसायनशास्त्र आणि जॉन्सनचा इंग्रजी कोश मागवणारा हा राजा नुसता संग्राहक नव्हता. त्यांच्या काळात झालेल्या नेत्रोपचारांच्या नोंदी या संग्रहात सापडल्या आहेत. त्यांत रुग्णाची हकिगत आहे, डोळ्याची रंगीत चित्रे आहेत आणि केलेल्या उपचारांचा तपशीलही आहे.

मराठी माणसाच्या दृष्टीने तंजावरचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मराठीतली फार जुनी नाटके इथे लिहिली गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरच्या शहाजीराजांनी रचलेले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांतले ठळक नाव. सरफोजींनी किल्ल्यात देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये तिथून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. मुंबईत तेव्हा मराठी ग्रंथांची छपाई सुरूही झालेली नव्हती. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास मराठीतच आहे, आणि हा लेख आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत गणला जातो. दक्षिणेच्या सहलीला गेलेली मराठी मंडळी हे मंदिर पाहतातच. तिथून राजवाडा जवळ आहे, ग्रंथालय त्याच आवारात आहे आणि निवडक वस्तूंचे दालन पाहुण्यांसाठी मांडलेले आहे. तरीही बहुतेकांची गाडी मंदिरावरूनच पुढे जाते.

सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले, त्यांना मुलगा नव्हता, आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राजवाड्यातल्या चीजवस्तूंवर जप्ती आली. राण्यांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली. अशा धामधुमीत ग्रंथसंग्रह पांगायला वेळ लागत नाही. तो पांगला नाही, आणि पुढे त्याला एक बाहेरचा वाचक लाभला. आर्थर बर्नेल हे तंजावरचे न्यायाधीश. त्यांनी कचेरीचे काम सांभाळून राजवाड्यातल्या संस्कृत पोथ्या एकेक करून पाहिल्या आणि १८८० च्या सुमारास त्यांची वर्गवार सूची छापली. तंजावरच्या एका राजवाड्यात काय आहे हे त्या सूचीमुळे जगाला कळले. १९१८ मध्ये हे ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले, आणि १९८३ मध्ये संसदेने त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांचा इतिहास देणगीदारांच्या आणि संस्थापकांच्या नावांनी लिहिला जातो. ती नावे मोठी आहेतच. पण ही ग्रंथालये पाहत फिरणाऱ्याला आणखी एक माणूस जागोजागी भेटतो. तो त्या गावचा नसतो, त्या जातीचा किंवा त्या वर्गाचाही नसतो. तो पुस्तकासाठी वाट तुडवत येतो आणि आत घ्या म्हणतो. त्याला आत घेतले तिथे संग्रहाला जीव आला, नाकारले तिथे तो कपाटात पडून राहिला.

मुंबईच्या टाऊन हॉलची कथा याच नकारापासून सुरू होते. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी परळच्या गव्हर्नराच्या निवासात काही इंग्रज मंडळींना जमवले आणि ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली. हिंदुस्थानचा अभ्यास करणारी ही मंडळी आपापसात निबंध वाचत, पुस्तके जमवत. हिंदुस्थानी माणूस मात्र त्यांच्यात सभासद नव्हता. पुढे ही संस्था लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. कर्नल टॉमस कूपर यांनी आखलेली टाऊन हॉलची इमारत १८३३ मध्ये पूर्ण झाली आणि ग्रंथालयाला कायमचे घर मिळाले. रस्त्यावरून वर जाणाऱ्या तीस पायऱ्या आणि माथ्यावरचे डोरिक धाटणीचे खांब आजही तसेच आहेत.

माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थाने सभासदत्वासाठी अर्ज केला, तेव्हा तो फेटाळला गेला. माणकजी मागे हटले नाहीत. १८४० मध्ये सोसायटीला त्यांना प्रवेश द्यावा लागला आणि ते तिचे पहिले हिंदी सभासद झाले. याच माणकजींनी पुढे मुंबईत मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी संस्था काढली. पुस्तकासाठी दारावर उभे राहावे लागणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

एकदा वाट मोकळी झाली आणि पन्नास वर्षांत चित्र पालटले. बाळशास्त्री जांभेकरांचे ताम्रपटांवरचे निबंध सोसायटीच्या नियतकालिकात आले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शिलालेखांचे वाचन करून तिथे निबंध वाचले. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकलला आणि त्यातले अवशेषांचे करंडक सोसायटीकडे आले. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अध्यक्ष झाले, आणि ज्या संस्थेत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता तिचे नेतृत्व एका मराठी पंडिताकडे आले.

विसाव्या शतकात या दालनांवर खरा हक्क सांगितला तो वाचकांनी. महामहोपाध्याय पां. वा. काणे वकिली सांभाळून इथे वर्षानुवर्षे वाचत राहिले. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. दुर्गाबाई भागवत तर एशियाटिकच्या इतक्या नित्याच्या वाचक होत्या, की त्यांच्यावर लिहिणारा प्रत्येकजण या ग्रंथालयाचा उल्लेख करतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेले दान्तेच्या महाकाव्याचे हस्तलिखित इथे आहे. मुसोलिनीने त्यासाठी मोठी रक्कम देऊ केली होती अशी आख्यायिका पाहुण्यांना हमखास ऐकायला मिळते. मात्र टाऊन हॉलमध्ये गेलेल्याने वाचनकक्षातली लांब टेबलेही पाहावीत. संस्थेची खरी कमाई तिथे झाली आहे.

मुंबईबाहेर गावोगावीही ग्रंथालये निघाली. रत्नागिरीला १८२८ मध्ये, नाशिकला १८४० मध्ये, पुण्याला १८४८ मध्ये, कोल्हापूरला १८५० मध्ये. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ हे त्या काळचे रुळलेले नाव. पुढे कुठे ते नगर वाचनालय झाले, कुठे नगर वाचन मंदिर. पुण्याच्या लायब्ररीमागे गोपाळ हरी देशमुख होते. त्याच वर्षी त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहायला घेतली. कलेक्टर, न्यायाधीश, मामलेदार, वकील, मास्तर अशा मंडळींनी वर्गणी काढायची, एखादी खोली मिळवायची आणि वर्तमानपत्रे व पुस्तके मांडायची, असा या संस्थांचा प्रारंभ बहुतेक ठिकाणी सारखाच आहे.

त्यांच्या कपाटांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा होता. मराठी पुस्तक हे संग्रह करण्याच्या योग्यतेचे आहे, हे ठामपणे मांडले ते ठाण्याने. १ जून १८९३ रोजी तिथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, आणि फक्त मराठी ग्रंथांसाठी काढलेले ते पहिले ग्रंथालय मानले जाते. संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे तेव्हा ऐन विशीत होते. पुढे याच भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. आधी पुस्तके गोळा करायची आणि मग त्यांच्या आधारे इतिहास उभा करायचा, हा क्रम त्यांच्या आयुष्यात स्वच्छ दिसतो. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. जुन्या मराठी मासिकांचे अंक आणि पहिल्या आवृत्त्या शोधणाऱ्याला आजही या दोन संस्थांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

वर्गणी ही या साऱ्या संस्थांची ताकद होती आणि मर्यादाही. ज्याच्याकडे वर्गणीचा रुपया नाही त्याने काय वाचायचे? आपल्याकडे राज्यकर्ता म्हणून या प्रश्नाला हात घातला तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन राजा झाला. १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक पडले नाही तर त्याची अक्षरओळख चार-पाच वर्षांत पुसते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय आले.

अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला तीन वर्षांसाठी बडोद्याला आणले. राजवाड्यातली स्वतःची सुमारे वीस हजार पुस्तके त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकली. बोर्डननी १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केला. हिंदुस्थानात ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण तिथून सुरू झाले. ड्युई आणि कटर या ग्रंथपालांच्या पद्धती एकत्र करून त्यांनी वर्गीकरणाची बडोदा पद्धत बसवली. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे ग्रंथालयांना वाहिलेले नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघू लागले. बोर्डन परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे नेले आणि बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. गुजरातेतल्या खेड्यापाड्यांत वाचनालये पोहोचवण्यात मोतीभाई अमीन यांचा वाटा फार मोठा आहे.

योजना साधी होती. खेड्याने एक हिस्सा उभा करायचा, मग तेवढाच स्थानिक पंचायतीने आणि तेवढाच सरकारने द्यायचा. जिथे वाचनालय उभे राहू शकत नव्हते, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. पेटीच्या जाण्यायेण्याचा खर्च सरकार सोसे. गावातला शिक्षक किंवा एखादा जबाबदार माणूस ती पेटी ताब्यात घेई, पुस्तके वाटे, परत गोळा करी आणि पेटी पुढे रवाना होई. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रपट आणि चित्रे दाखवणारा स्वतंत्र विभाग होता. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी दालने होती. वाचकाने पुस्तकासाठी प्रवास करण्याची रीत होती. बडोद्याने पुस्तकालाच प्रवासाला लावले.

मध्यवर्ती ग्रंथालयाची आजची इमारत १९३१ मधली. तिच्या पुस्तक भांडाराचे मजले काचेच्या फरशीचे आहेत. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा आणि दिव्यांची गरज कमी पडावी, हा त्यामागचा विचार. लोखंडी कपाटांच्या रांगांमधून, पायाखालच्या काचेवरून चालताना ग्रंथालयासाठी किती बारकाईने विचार होऊ शकतो, याचा प्रत्यय येतो. गुजराती, इंग्रजी, हिंदीबरोबर मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह इथे आहे.

याच बडोद्याच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. १९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. शिकून आलेला हा पदवीधर १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला, तेव्हा त्याला शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. त्या दिवशी त्यांनी कित्येक तास बडोद्याच्या बागेत बसून काढले. राजाने ग्रंथालये सर्वांसाठी खुली केली होती; शहराने आपली घरे खुली केली नव्हती.

बाबासाहेबांनी पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसच्या दिवस वाचून प्रबंध पुरा केला. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांची सोय डोळ्यांसमोर ठेवून. त्यांचा संग्रह पन्नास हजार ग्रंथांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. त्यांतली बरीच पुस्तके त्यांनीच १९४६ मध्ये सुरू केलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत, आणि त्यांच्या समासातल्या खुणा व टिपा अभ्यासक आजही वाचतात. राजगृह पाहायला दर डिसेंबरात हजारो लोक येतात. एका वाचकाचे घर म्हणून माणसे ज्याच्या दर्शनाला येतात, असे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ ची, म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची. भांडारकरांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. पुढच्या वर्षी मुंबई सरकारने डेक्कन कॉलेजातला हस्तलिखितांचा ठेवा इथे सोपवला. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि खुद्द भांडारकर यांनी एकोणिसाव्या शतकात राजस्थानपासून काश्मीरपर्यंत हिंडून ही हस्तलिखिते मिळवली होती. त्यांतली ऋग्वेदाची तीस हस्तलिखिते युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिनोंदीत घेतली.

इथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये संपले. त्यासाठी साडेबाराशेवर हस्तलिखिते तपासली गेली. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथ्या, बंगालच्या पोथ्या, मलयाळी आणि तेलुगू लिपीतल्या पोथ्या यांचे पाठ ओळीने मांडून मूळ पाठाचा शोध घ्यायचा होता. दक्षिणेकडच्या पोथ्यांचे पाठ जुळवण्याचे काम तंजावरच्या सरस्वती महालातही चालले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी या कामाला जी शिस्त लावली, ती पुढच्या संपादकांनी सोडली नाही. काण्यांचे धर्मशास्त्राचे खंड छापले तेही याच संस्थेने. मुंबईत वाचून पुण्यात छापावे, पुण्यात योजून तंजावरात जुळवावे, अशी या ग्रंथालयांची एकमेकांत वीण होती.

५ जानेवारी २००४ रोजी याच संस्थेवर जमावाने हल्ला केला. कपाटे उलथली गेली, पुस्तके आणि हस्तलिखिते जमिनीवर विखुरली. नुकसान मोठे होते आणि ते विसरण्यासारखे नाही. त्यानंतरच्या दिवसांत विखुरलेली पाने वेचायला पुण्यातले आणि बाहेरचे लोक येऊन बसले, हेही तितकेच खरे आहे.

मराठीचा शोध कधीकधी फार लांब नेतो. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, पण त्या जुन्या छापील प्रती हाती लागलेल्या नाहीत. या काव्याची देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत मार्सडन संग्रहातून लंडनच्या प्राच्यविद्या महाविद्यालयात पोहोचली होती. मराठी संतांवर काम करणारे अमेरिकी मिशनरी जस्टिन अॅबट यांनी विसाव्या शतकात तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सोळाव्या शतकातल्या गोव्यातल्या काही मराठी-कोकणी कथांच्या नकला पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. पणजीत १८३२ मध्ये पोर्तुगीज सरकारने सुरू केलेले सार्वजनिक ग्रंथालय आज कृष्णदास शामा यांच्या नावाने पाटो भागातल्या प्रशस्त इमारतीत चालते. गोव्याला समुद्रासाठी जाणाऱ्यांना ते बसस्थानकाच्या अगदी जवळ सापडेल.

अलीकडचे उदाहरण पाचगणीजवळच्या भिलारचे. स्ट्रॉबेरीच्या मळ्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या गावाची प्रेरणा त्यामागे होती, पण भिलारने विक्रीऐवजी वाचन निवडले. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, राहत्या घरांत, देवळात, शाळेत, मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके मांडली गेली. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात इतिहास, चौथ्यात बालसाहित्य. चित्रकारांनी घरांच्या भिंती रंगवल्या. पाहुणा ओसरीवर बसून वाचतो आणि घरातली मंडळी आपली कामे करत राहतात. वर्गणी नाही, ओळखीची चिठ्ठी नाही. १८३३ मध्ये माणकजींचा अर्ज परत करणारी मुंबई आणि अनोळखी वाचकाला ओसरीवर बसवणारे भिलार यांच्यामध्ये एकशे चौऱ्याऐंशी वर्षांचा प्रवास आहे, आणि तो वाचकांनी रेटून घडवून आणलेला आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. कोल्हापूर संस्थानाने तर असा कायदा १९४५ मध्येच केला होता. अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालये आज राज्यात आहेत. अनेक जुन्या नगर वाचनालयांकडे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची नियतकालिके आहेत, ठिसूळ झालेल्या पहिल्या आवृत्त्या आहेत, आणि त्या मागणारा कोणी नाही. मागणी नसलेल्या पुस्तकाला जागा उरत नाही. धूळ, वाळवी आणि रद्दीवाला यांची वाट मग मोकळी होते. पुस्तकांची डिजिटल प्रत करण्याचे काम बऱ्याच ठिकाणी चालू आहे आणि ते व्हायलाच हवे. पण कोणत्या कपाटातले काय आधी वाचवायचे, हे त्या कपाटापुढे उभा राहणारा वाचकच सांगू शकतो. तंजावरला बर्नेल तसा उभा राहिला, म्हणून तिथल्या पोथ्यांची नावे जगाला कळली.

जाण्यासाठी फार तयारी लागत नाही. संशोधन संस्थेत जायचे तर आधी पत्र किंवा ईमेल लिहून वेळ विचारावी आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे. विषय नेमका सांगावा. जुन्या ग्रंथपालांना नेमका प्रश्न विचारणारा पाहुणा मनापासून आवडतो. सूची मागून घ्यावी आणि ती शांतपणे चाळावी, कारण संग्रह कोणी, कधी आणि कशासाठी केला हे सूचीतच दिसते. मोडी वाचता येत असेल तर तसे आवर्जून सांगावे. तंजावरपासून पुण्यापर्यंत न उलगडलेले रुमाल अशा वाचकाची वाट पाहत आहेत. मुलांना बरोबर न्यावे. देणगीपेटी असेल तर तीत काही टाकावे, सभासदत्व मिळत असेल तर ते घ्यावे. पुढच्या सुट्टीचा बेत आखताना देवळे, किल्ले आणि समुद्रकिनारे यांच्या यादीत एका ग्रंथालयाचे नाव लिहा, आणि तिथे गेल्यावर निदान एक पुस्तक मागवून बसून वाचा.